चालू पेट्रोल स्कूटर विकून इलेक्ट्रिक घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की सात वर्षांची स्कूटर ठणठणीत असताना, निव्वळ पर्यावरणासाठी इलेक्ट्रिक घ्यावी का, वीज कोळशाचीच असेल तर फरक काय, आणि जाता जाता फोनही कमी वीज खाणारा घ्यावा का. कोळशापासून सुरू करतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर सगळे तिथेच अडतात.

लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ॲव्हरेज ४५ धरलं तर किलोमीटरला ५० ग्रॅम. तेल उपसून, शुद्ध करून पंपावर आणण्याचं धरलं तर ६०. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटवर २५-३० किलोमीटर जाते. आपल्याकडे एक युनिट वीज बनवताना सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांमधली गळती धरूनही किलोमीटरला ३०-३५ ग्रॅम. म्हणजे वीज बहुतांशी कोळशाची असूनही जवळपास निम्मं. पेट्रोलचं इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा नुसतं तापण्यात घालवतं, मोटर घालवत नाही, एवढीच गंमत आहे.

मात्र नवी गाडी कार्बनची उधारी घेऊनच दारात येते. नुसती बॅटरी बनवताना दोन-तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड, लोखंड-ॲल्युमिनियम-प्लॅस्टिक वेगळं. माझ्या ढोबळ हिशोबाने हे फिटायला पंधरा-वीस हजार किलोमीटर लागतात. रोज ३० किलोमीटर ऑफिसला जात असाल तर दोन वर्षांत फिटलं, खुशाल घ्या. भाजी आणि क्लासपुरतीच गाडी निघत असेल तर दहा वर्षं जातील, तोवर बॅटरीच म्हातारी होईल. अशा वेळी जुनीच वापरा, टायरात हवा नीट ठेवा.

विकलेल्या गाडीचं काय होतं हे कोणी धरत नाही. ती घेणाऱ्याने आपली आणखी जुनी भंगारात दिली तर ठीक, नाहीतर रस्त्यावर एक गाडी वाढली. आणि स्वारगेटच्या चौकातला धूर कमी होतो हे खरं, पण त्यातला काही चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांतून निघतो. तिथल्या लोकांच्या छतांवर राख पडते. कार्बनच्या बेरजेत ती दिसत नाही, मला मात्र ती खटकते.

फोनचं गणित नेमकं उलटं. वर्षभराच्या चार्जिंगला पाच-सहा युनिट, म्हणजे चारेक किलो कार्बन डायऑक्साइड. नवा फोन बनवायला साधारण पन्नास. तेव्हा कमी वीज खाणारा फोन हा निव्वळ दुकानदाराचा मुद्दा. बॅटरी बदलून घ्या आणि आणखी तीन वर्षं वापरा.

पुणे-दिल्ली विमानाने एकदा जाऊन आलात तर माणशी दोनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटर बदलून तेवढा वाचवायला सात हजार किलोमीटर पळवावी लागेल. तर रोजचं रनिंग किती आणि जुनी गाडी कोणाकडे जाणार, हे कमेंटमध्ये टाका, तुमचा आकडा काढून देतो.