वाचकांचे प्रश्न : गिटच्या ‘पॅक’ फाइलीत नेमके काय असते?

प्रश्न : आमच्या घरी होळकर काळातील काही मोडी कागद आहेत. त्यांचे देवनागरी लिप्यंतर मी संगणकावर करीत असून, प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहावी म्हणून भाच्याच्या सल्ल्याने हे काम ‘गिट’मध्ये ठेवले आहे. रेपॉझिटरीच्या (गिट सारा इतिहास ठेवते त्या साठ्याच्या) लपलेल्या फोल्डरात पूर्वी दोन-दोन अक्षरी नावांची पुष्कळ फोल्डरे दिसत. ‘गिट जीसी’ ही साफसफाईची आज्ञा दिल्यावर ती नाहीशी झाली, एक मोठी ‘पॅक’ फाइल आणि तिच्या जोडीला एक ‘आयडीएक्स’ फाइल उरली, आणि एकूण आकारही बराच घटला. माझे जुने पाठ शिल्लक आहेत का? गिट पूर्ण पाठ जपते की केवळ फरक?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण कमिट केलेले (म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले) आणि एखाद्या शाखेतून, टॅगमधून (नोंदीला दिलेल्या नावातून) किंवा रेफलॉगमधून (शाखा पूर्वी कोणत्या नोंदीवर होत्या याच्या टिपणातून) गाठता येणारे सर्व पाठ अक्षरशः जसेच्या तसे शिल्लक आहेत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन पातळ्यांवर द्यावे लागते, कारण गिट पाठ कसा मानते आणि तो डिस्कवर कसा मांडते या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची गल्लत अनुभवी प्रोग्रामरही करतात.

मानण्याच्या पातळीवर गिट नेहमी पूर्ण पाठच धरते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले तेव्हापासून ही रचना बदललेली नाही. फाइलीतील मजकुराचे एक ऑब्जेक्ट होते, त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. फोल्डरातील नावांची यादी म्हणजे ‘ट्री’. आणि कोणी, केव्हा, कोणत्या आधीच्या नोंदीवरून बदल केला हे सांगणारे ते ‘कमिट’. चौथा प्रकार ‘टॅग’चा. ऑब्जेक्ट तयार करताना मजकुरापुढे एक छोटा मथळा जोडला जातो : प्रकाराचे नाव, एक मोकळी जागा, मजकुराची बाइटांतील लांबी आणि शेवटी एक शून्य बाइट. ‘इंदूर’ एवढाच शब्द असलेली फाइल घेतली, तर युनिकोडच्या हिशेबाने त्यात इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हे येतात आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून मथळ्यात लांबी १५ लिहिली जाते. मथळा आणि मजकूर मिळून जो एसएचए-१ हॅश (बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा) निघतो, त्याचे ४० षोडशमान अंक हेच त्या ऑब्जेक्टचे नाव होय. त्यांतील पहिले दोन अंक फोल्डराला आणि उरलेले ३८ फाइलीला दिले जातात. आपण पाहिलेली दोन अक्षरी फोल्डरे ती हीच. फाइल लिहिताना ‘झेडलिब’ या साधनाने तिचा संकोच केला जातो, म्हणजे आकार आवळला जातो, परंतु हॅश संकोचापूर्वीच्या बाइटांवर काढलेला असतो. त्यामुळे पुढे ते ऑब्जेक्ट कोठेही, कशाही स्वरूपात साठवले तरी त्याचे नाव बदलत नाही.

येथे लिप्यंतरकारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहितात, तर काही साध्या र-हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे ब्लॉब वेगळा होतो आणि काहीच बदलले नाही असे वाटणाऱ्या ओळीवर गिट बदल दाखवते. हा गिटचा दोष नाही. एक रूप ठरवून सर्व फाइलींत तेच ठेवावे.

आता मांडणीकडे वळू. सुट्या स्वरूपात पाठाची प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फाइल होते, म्हणून एक वेलांटी सुधारली तरी सारे पत्र पुन्हा साठवले जाते. ‘जीसी’ ही सुटी ऑब्जेक्टे एका पॅक फाइलीत आणते. पॅकच्या आरंभी १२ बाइट असतात : चार बाइटांची खूण, चार बाइटांत आवृत्तीचा क्रमांक आणि चार बाइटांत ऑब्जेक्टांची संख्या. त्यानंतर एकामागून एक ऑब्जेक्टे येतात आणि अगदी शेवटी सर्व मजकुराची २० बाइटांची पडताळणी-बेरीज असते. काही ऑब्जेक्टे पूर्ण ठेवलेली असतात, तर काही ‘डेल्टा’ स्वरूपात, म्हणजे अमुक ऑब्जेक्ट पाया धरून हे कसे उभे करावे याच्या सूचनांच्या रूपात.

या सूचना केवळ दोन प्रकारच्या आहेत, आणि मला या रचनेतील हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. सूचनेच्या पहिल्या बाइटाचा सर्वांत वरचा बिट १ असेल, तर ‘पायातील अमुक स्थानापासून इतके बाइट उचल’ असा अर्थ होतो. तो ० असेल, तर ‘पुढील इतके बाइट नव्याने घाल’. नव्याने घालायचे बाइट एका सूचनेत जास्तीत जास्त १२७, म्हणजे देवनागरीची ४२ चिन्हे. वगळण्याची सूचनाच नाही, कारण जे उचलले नाही ते आपोआप गळते. गिट ओळ, शब्द किंवा अक्षर जाणत नाही. एखाद्या अक्षराचे तीन बाइट दोन सूचनांत तुटलेही जातील, परंतु पुन्हा सांधल्यावर मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो.

पूर्ण कोणती आवृत्ती ठेवायची, हे आकारावर ठरते. गिट ऑब्जेक्टे आधी प्रकाराने, मग फाइलीच्या नावाने आणि मग मोठ्याकडून लहानाकडे अशी लावते व प्रत्येकाची तुलना क्रमातील आधीच्या काही ऑब्जेक्टांशी करते. हा पल्ला मूळ मांडणीत १० चा असून पायांची साखळी ५० पेक्षा लांब होऊ दिली जात नाही. मोठ्यावरून लहान घडवायला केवळ उचलावे लागते, उलट दिशेने नवे बाइट भरावे लागतात. म्हणून मोठे ते पाया होते. फाइली बहुधा वाढतच जातात, त्यामुळे व्यवहारात नवी आवृत्ती पूर्ण आणि जुन्या डेल्टारूप असे चित्र दिसते. आपण प्रस्तावना काटछाट करून लहान केली असेल, तर तेथे जुनी आवृत्ती पूर्ण सापडेल. वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी घडवलेल्या ‘आरसीएस’मध्येही मुख्य शाखेची नवी आवृत्ती पूर्ण आणि जुन्या उलट्या फरकांच्या रूपात असत, पण तेथे प्रत्येक फाइलीचा इतिहास वेगळ्या फाइलीत राही. गिटचा पाया मात्र त्याच प्रकारचे कोणतेही ऑब्जेक्ट होऊ शकते. एकाच मजकुराची दोन पत्रे वेगवेगळ्या सरदारांना गेली असतील, तर एकाचा डेल्टा दुसऱ्यावर रचला जाईल. तात्पर्य, पॅकमधील डेल्टा आणि ‘गिट डिफ’ने दिसणारा फरक यांचा परस्परांशी संबंध नाही.

कागदांची छायाचित्रेही याच रेपॉझिटरीत असतील, तर ती वेगळी काढावीत. जेपेग आधीच संकुचित असते, डेल्टाने त्यात जवळजवळ काहीच वाचत नाही, आणि उजेड किंचित बदलून पुन्हा ठेवलेली प्रतिमा इतिहासात कायमची भर घालते.

प्रश्न : माझ्या फाइलींची नावे मराठीत आहेत, पण ‘गिट स्टेटस’मध्ये अक्षरांऐवजी ३४०, २४४ असे आकडे दिसतात. नावे बिघडली का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. ट्रीमध्ये प्रत्येक फाइलीचा प्रकार-क्रमांक, तिचे नाव, एक शून्य बाइट आणि हॅशचे २० बाइट असतात. नाव जसेच्या तसे लिहिलेले असते. दाखवताना मात्र गिट इंग्रजी वर्णमालेबाहेरचे बाइट अष्टमान पद्धतीने छापते. ‘क’चे तीन बाइट म्हणून ३४०, २४४, २२५ असे दिसतात. ‘कोअर’ विभागातील ‘कोटपाथ’ ही निवड बंद करावी, म्हणजे अक्षरे दिसू लागतील.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर प्रत घेताना आयडीएक्स फाइल सुटली. केवळ पॅक असून काही उपयोग आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पुष्कळ आहे. आयडीएक्स ही केवळ सूची आहे : आरंभी हॅशच्या पहिल्या बाइटानुसार २५६ घरांचा तक्ता, मग क्रमाने लावलेली नावे, प्रत्येकाची सीआरसी-३२ पडताळणी-बेरीज आणि पॅकमधील स्थान. ही सारी माहिती पॅक वाचून पुन्हा काढता येते. ‘गिट इंडेक्स-पॅक’ ही आज्ञा तेच करते. उलट दिशेने, म्हणजे सूचीवरून पॅक, काहीही उभे होत नाही. शाखांची नावे मात्र पॅकमध्ये नसतात, ती ‘रेफ्स’ फोल्डरात किंवा ‘पॅक्ड-रेफ्स’ फाइलीत असतात. ती नसल्यास ‘गिट एफएससीके’ ही तपासणीची आज्ञा चालवून कोणत्याही शाखेला न जोडलेली कमिटे शोधावी लागतील, आणि त्यांतील शेवटच्या कमिटावर नवी शाखा काढावी. पॅकमधील एखादा पाया बिघडला असेल, तर त्यावर रचलेले सर्व डेल्टाही वाचता येत नाहीत. अशा वेळी तेच ऑब्जेक्ट दुसऱ्या कोणत्याही क्लोनमधून (रेपॉझिटरीच्या प्रतीतून) आणून ठेवता येते, कारण तेथेही त्याचे नाव तेच असते.