स्टोमा आणि जखमा : वाचकांचे प्रश्न, परिचारिकांची उत्तरं

शस्त्रक्रियेत आतड्याचं किंवा मूत्रमार्गाचं तोंड पोटावर आणून बसवतात, त्याला स्टोमा म्हणतात. शौच किंवा लघवी तिथून बॅगेत जमा होते. स्टोमा आणि न भरणाऱ्या जखमा यांबद्दल आलेल्या पत्रांना या क्षेत्रात काम करणाऱ्या परिचारिकांनी इथे उत्तरं दिली आहेत. औषध सुरू किंवा बंद करायचं असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : वडिलांना तीन महिन्यांपूर्वी इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) झाली. फ्लँज, म्हणजे बॅग पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती, चार दिवस टिकायला हवी म्हणतात, आमची दीड दिवसात गळते. भोवतालची कातडी लालभडक झाली आहे, पाणी लागलं तरी आग होते. खोबरेल तेल लावतो, पण फरक नाही. (सांगली)

उत्तर : तेल आजच बंद करा. तेलकट कातडीवर फ्लँज धरत नाही. ती सुटली की पातळ शौच खाली शिरतं, कातडी आणखी सोलते आणि ओलसर सोललेल्या कातडीवर पुढची फ्लँज त्याहून लवकर सुटते. इलिओस्टॉमीच्या शौचात लहान आतड्यातले पाचकरस असतात. ते अन्न पचवतात, तसेच उघड्या कातडीलाही खातात.

आता फ्लँजचं छिद्र तपासा. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतो. रुग्णालयातून घरी येताना ४० मिमीचं छिद्र कापून दिलं असेल आणि स्टोमा आता ३० मिमीचा झाला असेल, तर भोवती ५ मिमीची कातडी चोवीस तास शौचात भिजते. तीन महिने जुन्याच मापाने कापत असाल तर बहुधा हेच झालं आहे. फ्लँजच्या खोक्यात गोल छिद्रांची मोजपट्टी असते, तिने आज पुन्हा मोजा. छिद्र स्टोमापेक्षा २ ते ३ मिमी मोठं हवं, त्याहून जास्त नको. स्टोमा लांबट असेल तर गोल छिद्र चालणार नाही. पारदर्शक प्लास्टिक स्टोमावर धरून पेनाने आकार उतरवा आणि त्याचा साचा करून ठेवा. फार घट्ट छिद्रही वाईट. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे कडेने तो कापला जात असला तरी वडिलांना कळणार नाही.

सोललेल्या कातडीसाठी पावडरचा थर द्या. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडी करा. साबण, डेटॉल, स्पिरिट, टाल्कम पावडर यांतलं काहीही नको. स्टोमा पावडर फक्त ओलसर जागेवर भुरभुरा आणि जादाची झटकून टाका. पावडर राहिली तर फ्लँज तिलाच चिकटते, कातडीला नाही. वरून न झोंबणारा बॅरिअर वाइप किंवा स्प्रे (कातडीवर संरक्षक थर देणारा) हलकेच लावा, अर्धा मिनिट सुकू द्या. हेच आणखी एकदोनदा करा. पातळ खपलीसारखा थर तयार झाला की त्यावर फ्लँज बसते. पेस्टचं काम खाचखळगे भरण्याचं. ती गोंद नव्हे. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर ती लावली तर वडील किंचाळतील. तिथे अल्कोहोल नसलेली रिंग, म्हणजे स्टोमाभोवती बसवायचं मऊ चिकट कडं, वापरा.

फ्लँज बदलायची ती सकाळी चहा-न्याहारीच्या आधी, तेव्हा आतडं शांत असतं. लावण्याआधी ती दोन तळव्यांत धरून गरम करा. लावल्यावर हाताचा तळवा मिनिटभर दाबून धरा आणि वडिलांना दहा-पंधरा मिनिटं उठू देऊ नका. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, कारण भरलेल्या बॅगेचं वजन फ्लँज खाली ओढतं. केस असतील तर ट्रिमरने कापा. ब्लेडने खरवडलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

एवढं करूनही गळती थांबली नाही तर काढलेली फ्लँज फेकण्याआधी उलटी करून पाहा. शौच कोणत्या बाजूने शिरलं ते तिच्यावर स्पष्ट दिसतं. रोज एकाच बाजूने शिरत असेल तर तिथे कातडीची घडी आहे. वडिलांना बसवा, पुढे वाकायला सांगा, घडी दिसेल. ती रिंगने भरा. स्टोमा कातडीच्या पातळीवर किंवा आत गेलेला असेल तर साधी सपाट फ्लँज कितीही निगुतीने लावली तरी टिकणार नाही. फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स फ्लँज लागते, आणि ती स्टोमा सिस्टरला, म्हणजे स्टोमाचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला, दाखवूनच घ्यावी. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला तर मात्र थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. पुसताना थोडं रक्त दिसणं नेहमीचं आहे.

प्रश्न : आईच्या गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. कायमची बॅग लागेल म्हणतात. आई नेहमी नऊवारी नेसते, जमिनीवर मांडी घालून बसते. आधी काय विचारून ठेवावं? (सातारा)

उत्तर : स्टोमाची जागा आधी खूण करून ठरवणार का, एवढं नक्की विचारा. वरच्या प्रश्नातल्या घडीसारख्या कित्येक तक्रारींचं मूळ या एकाच गोष्टीत असतं. टेबलावर सपाट झोपलेल्या पोटावर जी जागा छान दिसते, ती रुग्ण उठून बसला की घडीत गडप होते. शस्त्रक्रियेनंतर जागा बदलता येत नाही. बदलायची तर पुन्हा शस्त्रक्रिया.

खूण करणारी परिचारिका आईला आधी झोपवून मान उचलायला सांगेल. त्याने पोटाचा सरळ स्नायू ताठतो आणि त्याची कड बोटाला लागते. स्टोमा त्या स्नायूतून निघायला हवा, नाहीतर पुढे हर्निया होण्याची शक्यता वाढते. कायमच्या कोलोस्टॉमीची (मोठ्या आतड्याच्या स्टोमाची) जागा सहसा डाव्या बाजूला असते. बेंबी, जुने व्रण, कमरेचं हाड आणि नाडीची रेघ यांपासून सुमारे ५ सेंमी दूर. मग आईला पाय सोडून बसवून, मांडी घालून, उकिडवं बसवून, उभं करून, वाकवून, प्रत्येक स्थितीत ती जागा सपाट राहते का आणि आईला स्वतःला दिसते का, हे पाहायचं. पोट सुटलेलं असेल तर खूण वर सरकवावी लागते, कारण फुगवट्याखालचा स्टोमा रुग्णाला दिसतच नाही.

परदेशी पुस्तकांत कमरपट्ट्याची रेघ पाहायला सांगतात. आपल्याकडे नऊवारीची गाठ, परकराची नाडी, धोतर, नमाजाची बैठक, देवाला घातलेला दंडवत हे सगळं पाहायला हवं. नाडी स्टोमावरून गेली की बॅग दाबली जाते, शौच खाली उतरत नाही, स्टोमाभोवतीच साचतं आणि कडेने बाहेर येतं. म्हणून खूण करायच्या दिवशी आईला रोजचं लुगडं नेसवूनच न्या, दवाखान्याचा गाऊन नको. शक्य असेल तर खुणेवर फ्लँज आणि १०० मिली पाणी भरलेली बॅग लावून एक दिवस घरकाम करू द्या. पक्क्या शाईच्या पेनाने खूण करून वर पारदर्शक चिकटपट्टी लावतात, तिच्यासह अंघोळ चालते. शल्यविशारदाला पर्याय हवा म्हणून दोन खुणा केल्या तर त्यांना पसंतीचे क्रमांक द्यायला सांगा.

'आमच्याकडे अशी पद्धत नाही' असं उत्तर मिळालं तर शांतपणे पण ठामपणे पुन्हा विचारा. यात फार तर अर्धा तास जातो.

प्रश्न : इलिओस्टॉमी होऊन वर्ष झालं. उन्हाळ्यात बॅग सारखी भरते, पायात गोळे येतात, चक्कर येते. भरपूर पाणी आणि उसाचा रस पितो, तरी तसंच. (अकोला)

उत्तर : त्रास वाढतोय तो बहुधा त्या पाण्यानेच आणि रसानेच. पाणी आणि मीठ शोषण्यात मोठ्या आतड्याचा मोठा वाटा असतो, आणि तुमच्या बाबतीत ते आता वाटेत नाही. नुसतं पाणी प्यायलं की लहान आतडं त्यात शरीरातलं मीठ सोडतं, आणि पाणी-मीठ दोन्ही बॅगेत जातं. उसाचा रस, कोल्ड्रिंक यांतली साखर आणखी पाणी ओढून आणते. म्हणून जितकं प्याल तितकी बॅग भरते.

डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस घ्या. साधारण २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम विरघळवायचं. अर्धं पाकीट ग्लासात, अर्धं उद्याला असं करू नका, प्रमाण बिघडतं. तयार केलेलं २४ तासांत संपवा आणि दिवसभर घोटघोट प्या. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं त्याची जागा घेत नाहीत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. साधं पाणी, चहा, ताक जेवणाबरोबर एकदम न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घ्या. मऊ भात, केळं, साबुदाणा, उकडलेला बटाटा यांनी शौच घट्ट होतं.

दोन दिवस मापाच्या भांड्यात बॅग रिकामी करून मोजा. दिवसाला ५०० ते ८०० मिली ठीक. दीड लिटरच्या वर जात असेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. याउलट बॅगेत काहीच येत नाही, पोटात कळा येतात, उलटी होते, हे आतड्यात अन्न अडकल्याचं लक्षण. त्यातही घरी थांबू नये. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडींवरची साल या अडकणाऱ्या वस्तू. खायच्या तर थोड्या आणि अगदी बारीक चावून. आणखी एक पाहा : बॅगेत गोळी अख्खीच्या अख्खी दिसते का? हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीत पुष्कळदा न विरघळताच बाहेर पडतात. दिसली तर डॉक्टरांकडून दुसऱ्या स्वरूपातलं औषध मागून घ्या.

प्रश्न : बॅगांचा खर्च परवडत नाही. कोलोस्टॉमीत पाणी सोडून पोट साफ करायची पद्धत असते म्हणे? (डोंबिवली)

उत्तर : असते, तिला इरिगेशन म्हणतात. ती डाव्या बाजूच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या कोलोस्टॉमीतच करायची. इलिओस्टॉमीत कधीही नाही. हर्निया, बाहेर आलेला स्टोमा, चालू केमोथेरपी असेल तर नाही. शल्यविशारदाची परवानगी हवी आणि पहिल्या वेळा परिचारिकेसमोरच करा. पिण्यायोग्य कोमट पाणी ५०० मिलीपासून सुरू करून गरजेनुसार १ लिटरपर्यंत. पाण्याच्या पिशवीचा तळ बसलेल्या रुग्णाच्या खांद्याच्या उंचीवर. नळीच्या टोकाला मऊ शंकू, उघडी नळी आत सरकवायची नाही. पाणी पाच-दहा मिनिटांत सावकाश जाऊ द्या. कळ आली तर बंद करा, थांबा. पाणी थंड असेल किंवा भराभर सोडलं तर हमखास कळ येते. निचरा व्हायला पाऊण तास धरा. रोज एकाच वेळी केलं तर काही आठवड्यांत आतड्याला सवय लागते आणि मधल्या वेळात बॅगेऐवजी स्टोमावर लावायच्या छोट्या टोपीवर भागतं.

प्रश्न : आजी अंथरुणाला खिळून आहे. माकडहाडावर बेडसोर झाला. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन हळद भरतो, खाली हवेची गोल रिंग ठेवतो. (म्हापसा)

उत्तर : तिन्ही थांबवा. पेरॉक्साइड नव्याने येणारं मांस जाळतं. हळदीचे कण जखमेत अडकतात आणि तिचा खरा रंग दिसेनासा होतो. रिंगच्या कडेवर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

जखम सलाइनने धुवा. घरी करायचं तर १ लिटर पाणी दहा मिनिटं उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पण दाब हटला नाही तर कोणतंही ड्रेसिंग ही जखम भरणार नाही. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांत कलती ठेवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा उंच केली की आजी खाली घसरते आणि माकडहाडाची कातडी आतून फाटते. हवेची गादी असेल तर आजीच्या माकडहाडाखाली गादीच्या खालून तळहात घाला. हाड हाताला टेकलं तर गादीत हवा कमी आहे.

इतर जागाही रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबला आणि पांढरा झाला नाही तर तिथे बेडसोरची सुरुवात झालेली आहे. अशी जागा चोळू नका. मूत्रपिंडं ठीक असतील तर दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. काळा थर, दुर्गंधी, ताप, तळाशी हाड दिसणं यांपैकी काहीही आढळलं तर घरगुती ड्रेसिंग पुरे झालं असं समजा आणि शल्यविशारदांना दाखवा.

प्रश्न : जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे स्टोमा सिस्टर नाही. कुठे शिकता येईल, आणि भागातल्या परिचारिकांची बैठक सुरू करायची तर काय करावं? (बीड)

उत्तर : नोंदणीकृत परिचारिकांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात या विषयाचा अभ्यासक्रम आहे. ही शाखा फार जुनी नाही. स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या नॉर्मा गिल यांना डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुग्णांना शिकवायला घेतलं, तिथून ती सुरू झाली. या शाखेतल्या परिचारिकांची जागतिक संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली.

बैठकीला फार सामग्री लागत नाही. दोन-तीन तालुक्यांतल्या दहा-बारा जणी, महिन्यातून दीड तास, आणि दर वेळी एकच विषय. पहिल्या बैठकीत भाषण ठेवू नका. प्रत्येकीने पोटावर बॅग लावून त्यात १०० मिली पेज भरावी आणि पूर्ण ड्युटी करावी. पेजेचं वजन, उकाड्यात सुटणारी कड, बस पकडताना वाटणारी धास्ती, हे रुग्णाला काय होतं ते त्यानंतर सांगावं लागत नाही. दुसऱ्या बैठकीत एकमेकींच्या पोटावर जागेच्या खुणा करा. बारीक आणि स्थूल दोन्ही बांध्यांच्या मैत्रिणी हव्यात. जखमांचे फोटो आणायचे तर रुग्णाची लेखी संमती, चेहरा नाही आणि शेजारी सेंमीची पट्टी, नाहीतर पुढच्या महिन्यात जखम भरली की वाढली हे सांगता येत नाही.

दान आलेल्या बॅगा वाटत असाल तर मुदत पाहा, आणि पत्र्याच्या कपाटात उन्हाच्या बाजूला ठेवलेला साठा वापरण्याआधी एक फ्लँज लावून बघा. उष्णतेने चिकटपणा जातो. शेवटी एक ठराव जरूर करा : प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर स्टोमाचा प्रकार, मिमीमध्ये आजचं माप, फ्लँजचा आकार आणि पुन्हा मोजायची तारीख या चार गोष्टी मराठीत लिहायच्या.