फुटबॉलच्या सामन्याआधी क्रूसाची खूण करणं म्हणजे खेळात धर्म आणणं नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा मुलगा वसईत चर्चच्या मैदानावर फुटबॉल खेळतो. टीममधली बहुतेक मुलं कॅथलिक आहेत, मैदानात उतरताना ती क्रूसाची खूण करतात आणि आता तुमचा मुलगाही करायला लागलाय. तुमचं घर हिंदू. कुणाशी वाद घालायचा नाहीये, पण यात काळजीचं काही आहे का, आणि मुळात खेळात देव-धर्म हवाच कशाला, हे तुम्हाला एखाद्या कॅथलिक माणसाकडून ऐकायचंय.

मी वसईचाच कॅथलिक. तरुणपणी खेळलो, पुढे बरीच वर्षं इथल्या स्थानिक स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून उभा राहिलो आणि आता आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, पोरांना शिकवतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. खुणेची काळजी करू नका. सामन्याआधी कोच काय करतो, ते मात्र डोळे उघडे ठेवून बघा.

पहिल्यांदा खुणेबद्दल. उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डाव्या आणि उजव्या खांद्याला, आणि मनात ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’. आमच्याकडे मूल बोलायला लागतं त्याच सुमारास आजी त्याचा हात धरून हे शिकवते. सकाळी उठल्यावर, जेवायला बसताना, चर्चसमोरून जाताना, एसटी डेपोतून सुटली की, परीक्षेचा पेपर हातात आला की, दिवसभर हात आपोआप कपाळाकडे जातो. मैदानाची पांढरी रेघ ओलांडताना तो गेला नाही तरच नवल. लोकांना दाखवायला म्हणून आमची पोरं हे करत नाहीत. टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंचं बघून ती हेअरकट करतात आणि गोलनंतरच्या उड्या मारतात, ही खूण मात्र घरून घेऊन येतात.

तिच्यातून मागायचं काय असतं, याबद्दल बाहेरच्यांचाच काय, आमच्यातल्याही अनेकांचा गैरसमज आहे. ‘देवा, जिंकव’ असा तिचा अर्थ लावला, तर पेनल्टी किकच्या वेळी मोठीच अडचण होते. मारणारा खूण करतो, गोलकीपरही करतो. आमच्या इथे तर शेजारशेजारच्या दोन धर्मग्रामांची फायनल असते, दोन्ही संघ सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून आलेले असतात, दोन्हीकडच्या आया रोझरी, म्हणजे जपमाळ, हातात घेऊन बसलेल्या असतात. देवानं कुणाचं ऐकायचं? कॅथलिक शिकवणीत याला सरळ उत्तर आहे. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २१११ व्या परिच्छेदात म्हटलंय की, मनाची तयारी नसताना नुसत्या बाह्य कृतीनं प्रार्थनेला किंवा पवित्र खुणेला फळ येतं असं मानणं ही अंधश्रद्धा आहे. त्याच ग्रंथाच्या २२८९ व्या परिच्छेदात शरीराच्या आणि खेळातल्या यशाच्या मागे लागून त्याचीच मूर्ती करून पुजू नका, असं बजावलंय. म्हणजे ‘मी तीनदा खूण केली म्हणून गोल झाला’ म्हणणारा पोरगा आमच्याच धर्माच्या हिशेबानं चुकतोय, आणि मी त्याला तसं सांगतो. मागायचं ते एवढंच : अंगात आहे तेवढं सगळं देता येऊ दे, कुणाचा पाय मोडू नये, माझाही आणि समोरच्याचाही, आणि राग आला तर जीभ आवरता येऊ दे. शेवटचं मागणं वसईच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात निकडीचं आहे, हे तुम्ही एखादी सेमीफायनल बघितलीत की कळेलच.

आता ‘खेळात देव-धर्म कशाला’ याकडे येतो. तुम्ही कोकणात राहता, तर आजूबाजूला जरा बघा. कबड्डीपटू मैदानात शिरताना वाकून मातीला हात लावतो आणि तो कपाळाला टेकवतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याआधी खेळपट्टीवर नारळ फुटतो, उदबत्ती लागते. आमच्यातली कबड्डी खेळणारी मुलंही मातीला हात लावतात आणि मग त्याच हातानं क्रूसाची खूण करतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. माणूस जिंकेल की हरेल हे ठाऊक नसताना झोकून देतो, तेव्हा त्याचा हात कुठेतरी जातोच. हे सगळं मैदानाबाहेर ठेवा म्हणायचं असेल तर सगळ्यांना म्हणायला हवं, नारळालाही आणि क्रूसालाही. आणि ते म्हणावं असं मला वाटत नाही.

पण कुठेतरी रेघ आहे, आणि ती मी रेफरी म्हणून रोज आखत आलोय. फुटबॉलच्या नियमांतला चौथा नियम खेळाडूच्या पेहरावाचा. अंगावर कुठलाही दागिना चालत नाही, त्यावर टेप गुंडाळून झाकलेलाही नाही. सामन्याआधी बूट तपासायला पोरं रांगेत उभी राहतात तेव्हा दर वेळी एखाद्याच्या जर्सीच्या गळ्यातून साखळी डोकावते. कुणाच्या साखळीत पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेताना, आजीनं घातलेलं पवित्र मारियेचं मेडल, म्हणजे तिची छबी असलेलं छोटं पदक, असतं, कुणाच्या गळ्यात कार्मेल मातेचं स्कॅप्युलर, म्हणजे दोरीला जोडलेले कापडाचे दोन छोटे तुकडे. ‘सर, टेप लावतो ना’ हे ठरलेलं वाक्य. मी नाही म्हणतो. मग पोरगा साखळी डोक्यावरून काढतो, मेडलाचं चुंबन घेतो, मुठीत गुंडाळतो आणि रेघेबाहेर उभ्या असलेल्या आईच्या हातात देतो. आई ती पदराच्या टोकाला बांधते किंवा पर्समध्ये टाकते. एकदा एका पोराच्या वडिलांनी माझ्याशी हुज्जत घातली, की हा आमच्या धर्माचा अपमान आहे आणि तूही कॅथलिक असून असं करतोस. मी त्यांना म्हटलं, डोक्यानं चेंडू मारायला दोघं उडाले आणि समोरच्याचं बोट या साखळीत अडकलं तर बोट जाईल नाहीतर गळा कापेल. करगोटा, ताईत, कडं, कानातली बाळी, सगळ्यांना हाच नियम. ते गप्प झाले, पटलं की नाही ते ठाऊक नाही.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे : पेहरावावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा अथवा चित्र नको. २००७ मध्ये अथेन्सला चॅम्पियन्स लीगची फायनल मिलाननं लिव्हरपूलविरुद्ध २-१ अशी जिंकली, तेव्हा मिलानचा ब्राझिलियन खेळाडू काका यानं जर्सी काढली आणि आतल्या बनियनवर ‘मी येशूचा आहे’ असं इंग्रजीत लिहिलेलं साऱ्या जगानं बघितलं. काका कॅथलिक नाही, इव्हँजेलिकल या प्रोटेस्टंट पंथाचा आहे. त्याच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. तरीही पुढे २०१४ पासून आतल्या कपड्यांवरच्या सगळ्याच घोषणांवर बंदी आली, ती मला योग्य वाटते. खूण मी माझ्यासाठी करतो. छातीवर लिहिलेलं वाक्य दुसऱ्यानं वाचावं म्हणून असतं. आज येशूचं वाक्य चालवून घेतलं तर उद्या दुसऱ्या संघाच्या छातीवर काय लिहून येईल, आणि त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

अर्थात नियमाकडे बघणाऱ्याची नजर मोठी असावी. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हिडिलिन डियाझनं वेटलिफ्टिंगमध्ये फिलिपिन्सला पहिलंवहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पदक घेताना तिच्या गळ्यात मारियेचं चमत्कारी मेडलही होतं. ऑलिंपिकच्या सनदेत ५० वा नियम आहे, धार्मिक प्रचाराला मनाई करणारा. एका मेडलाला कुणी प्रचार म्हणालं नाही, आणि तेच शहाणपणाचं होतं.

खुणेनंच भांडण पेटतं तेव्हा काय? त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्कॉटलंडचं आहे. ग्लासगोमध्ये सेल्टिक हा कॅथलिकांचा क्लब, मारिस्ट या कॅथलिक संघातल्या एका व्रतस्थ ब्रदरनं गरिबांच्या मदतीसाठी उभा केलेला, आणि रेंजर्स हा प्रोटेस्टंटांचा. फेब्रुवारी २००६ मध्ये रेंजर्सच्या मैदानावर सेल्टिकचा पोलिश गोलकीपर आर्तूर बोरुच यानं क्रूसाची खूण केली, गॅलरीतले लोक खवळले, तक्रारी गेल्या आणि ऑगस्टमध्ये सरकारी वकिलाच्या कार्यालयानं त्याला शांतताभंगाची ताकीद दिली. खूण केली म्हणून माणसाला ताकीद, असा गदारोळ झाला, तेव्हा कार्यालयानं खुलासा केला की ताकीद खुणेसाठी नव्हती, प्रेक्षकांकडे बघून केलेल्या इतर हावभावांसाठी होती. मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. एखाद्याची श्रद्धा डोळ्यांत खुपते म्हणून त्यानं हात खिशात घालावा, हे मला मान्य नाही. पण हात वर देवाकडे न जाता समोरच्या गॅलरीला डिवचायला गेला, की ती खूण राहत नाही. शिटी तोंडात असताना हा फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही. खेळाडूचं तोंड कुठे वळलंय ते बघितलं की पुरतं.

आपल्याकडे अलीकडे हा विषय जास्त तापलाय, आणि तुमच्याही मनात तो तिथूनच आला असेल. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये जेमिमा रॉड्रिग्सनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या, भारतानं ३३९ चं लक्ष्य गाठलं, आणि रडत रडत तिनं सगळ्यात आधी येशूचे आभार मानले. त्याच स्पर्धेत एका सामन्यात तिला संघाबाहेर बसवलं होतं, मनाची चलबिचल झाली होती, हेही तिनं लपवलं नाही. शेवटी शेवटी आपण बायबलमधलं एक वचन मनात घोकत होतो, की तू स्थिर उभा राहा, देव तुझ्यासाठी लढेल, असं ती म्हणाली. त्यावरून तिला काहींनी नको नको ते ऐकवलं. त्याआधी २०२३ मध्ये वानखेडेवर श्रीलंकेचे पाच बळी घेतल्यावर मोहम्मद शमी नुसता गुडघ्यांवर बसला, तर तेवढ्यावरूनही काहूर माजलं. मला या दोन्ही वेळी फार वाईट वाटलं. जो देशासाठी घाम गाळतोय, त्याच्या ओठांवर आनंदाच्या क्षणी कुठलं नाव आलं हे तपासत बसणं बरं नाही. जेमिमा जे बोलली त्यात समोरच्या संघाचा पाणउतारा नव्हता, की कुणाला उपदेशही नव्हता. पडलेलं माणूस उठलं आणि ज्यानं हात दिला असं त्याला वाटतं, त्याचं नाव त्यानं घेतलं.

आता कोचकडे येतो. माझा खरा आग्रह इथे आहे. मुलाची खूण ही मुलाची. कोचनं सगळ्यांना वर्तुळात उभं करून मोठ्यानं प्रार्थना म्हणवून घेतली, तर ती वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत ब्रेमर्टन नावाच्या गावी सरकारी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा कोच जोसेफ केनेडी सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायचा, पोरंही भोवती जमायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा मतांनी निकाल कोचच्या बाजूनं लागला. कायद्याचं कायद्यापाशी. पण उद्या पहिल्या अकरात कोण खेळणार आणि बाकावर कोण बसणार हे ज्याच्या हातात आहे, त्याच्या प्रार्थनेला बारा वर्षांचा पोरगा ‘मला नको’ म्हणू शकत नाही. तो मनात नसताना हात जोडेल. आणि अशा जोडलेल्या हातांचं देवाला काय करायचंय? माणसांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावा, हे येशूचंच सांगणं आहे, मत्तयच्या सहाव्या अध्यायात.

माझ्या टीममध्ये आगरी, कोळी आणि मुसलमान मुलंही आहेत. सामन्याआधी आम्ही गोल करून उभे राहतो, एकमेकांच्या खांद्यावर हात, आणि थोडा वेळ सगळे गप्प. ज्याला जे म्हणायचंय ते त्यानं मनात म्हणावं, ज्याला काहीच म्हणायचं नाही त्यानं पहिला पास कुणाला द्यायचा ते आठवावं. मोठ्यानं फक्त संघाचं नाव घेतो. आमच्यातल्या एक-दोन ज्येष्ठांना हे आवडत नाही, ‘मैदान चर्चचं, मग प्रार्थना का नको?’ असं ते विचारतात. मी त्यांना पोप दुसरे जॉन पॉल यांची आठवण करून देतो. लहानपणी पोलंडमधल्या वाडोविच्चे गावात ते गोलकीपर होते, आणि ज्यू मुलांच्या संघाला माणूस कमी पडला की त्यांच्या बाजूनं गोलात उभे राहायचे. चर्चच्या मैदानावर मी त्याच परंपरेत शिकवतोय असं मला वाटतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला रागावू नका आणि घाबरवूही नका. सहज विचारा, तू हे का करतोस? ‘सगळे करतात म्हणून’ असं म्हणाला तर त्याला सांगा, की आपल्या मित्रांसाठी ही नुसती स्टाईल नाही, त्यांच्या बाप्तिस्म्याशी जोडलेली खूण आहे, म्हणून तिचा मान राखायचा, नक्कल करायची नाही. हे आम्हा कॅथलिकांनाही जास्त आवडेल. त्याला स्वतःचं काही हवं असेल तर मातीला हात लावू दे, कुलदैवताचं नाव घेऊ दे, किंवा काहीच न करता नुसतं धावत मैदानात जाऊ दे. आणि ‘कोच सांगतात म्हणून’ असं उत्तर आलं, तर कोचला मैदानाबाहेर शांतपणे गाठा. पालक बोलायला आलेले बहुतेक कोचना आवडतात, निदान फी सोडून दुसऱ्या कशाबद्दल आलेले तर नक्कीच. त्यानं ऐकलं नाही तर मैदान ज्या चर्चचं आहे तिथल्या फादरना भेटा. तुम्ही आमच्या धर्माचे नाही म्हणून संकोच करू नका. हीच गोष्ट तुमच्याकडून गेली तर ते जास्त लक्षपूर्वक ऐकतील, असा माझा अनुभव आहे.