जावई नातीला भेटू देत नाहीत

प्रश्न : माझी लेक दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. जावई पुण्याला असतात, गेल्या वैशाखात त्यांनी दुसरं लग्न केलं. नात सात वर्षांची. लेक नोकरीला जायची, म्हणून पोर दीड वर्षाची असल्यापासून तीन वर्षं आमच्याकडेच वाढली. आता जावई फोन उचलत नाहीत. संक्रांतीला परकर-पोलकं घेऊन गेलो, तर वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं. लेकीचं अकरा तोळे सोनं आमच्याकडे आहे, ते मागतात. पोरीच्या लग्नासाठी ठेवलंय, का द्यावं? तिचा ताबा आम्हाला मिळेल का? आमचे हे ७१ वर्षांचे आहेत.
– एक आजी, तासगाव

उत्तर : आजी, ताबा मागूच नका. आई किंवा वडील हयात असतील आणि ते नालायक आहेत असं कोर्टाला वाटत नसेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १९ प्रमाणे दुसऱ्या कुणाला पालक नेमता येत नाही. दुसरं लग्न करणं ही काही नालायकी नव्हे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. आई कॅन्सरनं गेलेली, मुलगी मावशी-मामाकडे. ताबा वडिलांना मिळाला, मावशी-मामांना भेटण्याची मुभा मिळाली.

वयाची धास्ती मात्र सोडा. कोरोनात आईवडील दोघंही गेलेल्या अहमदाबादच्या एका मुलाचा ताबा २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं मावशीऐवजी आजी-आजोबांना दिला. नुसतं वय किंवा उत्पन्न बघून ठरवायचं नसतं, असं त्यात म्हटलंय.

आता भेटीचं. आजी-आजोबांना भेटीचा हक्क देणारं वेगळं कलम आपल्याकडे नाही, म्हणून काही वकील हात झटकतात. पण मुलाची भेट हा विषय १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ नं त्या कोर्टाकडे दिलेला आहे आणि निकाल लागतो तो मुलाच्या हितावर. म्हणून ‘आमचा हक्क’ असं लिहू नका. ‘तिची तीन वर्षं आमच्या अंगाखांद्यावर गेली, आई गेल्यावर आजोळही तुटलं’ असं लिहा. सोबत तासगावच्या बालवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, फोटो जोडा. अर्ज पुण्यातच करायचा, कारण नात तिथे राहते. तासगावच्या जवळच्या कोर्टात टाकाल तर सुरुवातीलाच हरकत येईल. महिन्यातून दोन रविवार आणि आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, एवढंच मागा. निकाल लागेपर्यंतच्या भेटींसाठी अंतरिम अर्ज त्याच दिवशी द्या. सावत्र आई छळते असं ऐकीव काही त्यात घालू नका; समुपदेशक नातीशी स्वतः बोलतात.

आणि सोनं. असं प्रकरण आलं की मी पहिल्यांदा दागिन्यांचंच विचारते. गेट बहुतेक वेळा तिथेच बंद झालेलं असतं. तुम्हाला कडू लागेल, पण लेकीनं मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिचं स्त्रीधन तिच्या मुलामुलींना आणि नवऱ्याला जातं. नात एकुलती असेल तर साडेपाच तोळे तिचे, साडेपाच जावयाचे. तुम्ही घडवून दिलं असलं तरी आता तुमचं त्यात गुंजभरही नाही. सराफाकडून वजन करून यादी करा, जावयाचा वाटा पावती घेऊन देऊन टाका. नातीचा वाटा तिच्या नावानं सुरक्षित ठेवायला कोर्टानं सांगावं, अशी विनंती अर्जात करा. ‘आधी भेट, मग सोनं’ असा सौदा मात्र फोनवरसुद्धा करू नका. कॉल रेकॉर्ड होतात.

पहिली भेट बहुधा कोर्टाच्या आवारातच मिळेल, तासाभराची. नवी आई कशी आहे, बाबा आमच्याबद्दल काय बोलतात, हे विचारत बसू नका. परकर-पोलकं आता आखूड झालं असेल, नवं शिवा. आणि थोडा तासगावचा बेदाणा न्या.