यादीत त्याच्या नावापुढे टिक नव्हती

विशी-पंचविशीतली मुले समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न गेली काही वर्षे वारंवार कानावर पडतो: "मॅडम, एकदा क्लबच्या तिकिटाला नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी मित्र विचारतील का?" पालकांना हा प्रश्न उथळ वाटतो. मला तो कधीच तसा वाटला नाही, कारण परगावी राहणाऱ्या मुलासाठी शनिवारची रात्र हीच पुष्कळदा आठवड्यातली एकमेव सोबत असते.

असाच एक तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. (त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) लातूरकडचा, पुण्याच्या हिंजवडीत पहिली नोकरी, हातात चोवीस हजार रुपये पगार आणि त्यातले सहा हजार दरमहा घरी. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, ही तक्रार त्याने आधी सांगितली. दुसऱ्या भेटीत त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मुंढव्यातल्या एका क्लबच्या कार्यक्रमासाठी पाच नावांची यादी होती. पैसे पाठवणाऱ्याने आपल्या नावापुढे हिरवी टिक करायची, असा ग्रुपचा रिवाज होता. चार नावांपुढे टिक होती, पाचवे नाव त्याचे होते. त्याखाली रात्री 11.40 चा संदेश: "काढली तिकिटं! चारच काढली." तो संदेश त्याने किती वेळा उघडून पाहिला असेल, याची मोजदाद नव्हती. "कुणी मला येऊ नको म्हणालं नाही," तो म्हणाला, "पण कुणी ये असंही म्हणालं नाही."

त्याच्या या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. पूर्वी बाहेर जाण्याचे संध्याकाळी सात वाजता ठरे. कुणाकडे पैसे नसले तर दुसरा भरत असे, आणि दारावर तिकीट काढताना ती अडचण समोरासमोर मिटत असे. आता निर्णय आधीच घ्यावा लागतो, आणि तोही एकट्याने, पडद्याकडे पाहून. 22 सप्टेंबर 2024 रोजी कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकीटविक्री दुपारी 12 वाजता सुरू झाली तेव्हा लाखो लोक ऑनलाइन रांगेत होते, आणि पहिला कार्यक्रम होता 18 जानेवारी 2025 रोजी. कोण कोणाबरोबर जाणार, हे जवळजवळ चार महिने आधी, काही मिनिटांत ठरवायचे होते. क्लबच्या तिकिटांत हा काळ एवढा मोठा नसतो, पण 'अर्ली बर्ड' म्हणजे लवकर काढणाऱ्यांचा स्वस्त दर संपून पुढच्या टप्प्याचा दर लागण्याची घाई तीच असते.

मग आम्ही कागदावर तारखा मांडल्या. त्याचा पगार 1 तारखेला होत असे आणि स्वस्त तिकिटांची मुदत बहुतेक वेळा महिनाअखेरीस संपत असे. तीन वेळा तो मागे राहिला होता, आणि तिन्ही वेळा तारीख 25 ते 30 यांमधली होती. मधल्या एका खेपेला त्याने 'पे लेटर'वर, म्हणजे पैसे नंतर फेडायच्या बोलीवर, तिकीट काढले होते. त्या रात्री नाचतानाही हप्ताच डोक्यात होता, असे तो म्हणाला. मित्र आपल्याला टाळतात, असे तो स्वतःला सांगत होता. कागदावर मात्र महिनाअखेरची ओढाताण दिसत होती.

मी त्याला एवढेच सुचवले की, दरवेळी तिकिटे काढणाऱ्या मैत्रिणीशी ग्रुपवर न लिहिता प्रत्यक्ष बोलावे आणि कारण म्हणून खरी तारीख सांगावी. त्याला लाज वाटत होती, म्हणून ते वाक्य आम्ही सत्रात तीनदा बोलून पाहिले: "सत्तावीसला माझ्याकडे पैसे नसतात, एक तारखेला देतो; चालणार नसेल तर या वेळी मी नाही." ती काय म्हणाली, ते त्याने पुढच्या भेटीत सांगितले. "टिक नाही म्हणजे तुला यायचं नाही, असं मी धरून चालले. आणि दर वेळी माझ्याच कार्डावर आठ-दहा हजार अडकतात, ते कोण बघतं?" सगळी तिकिटे तिच्याच मोबाइलवर, त्यामुळे उशीर करणाऱ्यांची वाट पाहत दाराशी तीच उभी, आणि उरलेले पैसे मागण्याचा वाईटपणाही तिच्याकडेच. यादी चालवणाऱ्या माणसाचा हा थकवा मला इतर सत्रांतही भेटला आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

दुसरी एक मुलगी मला म्हणाली होती, "मला बोलावतात, की माझ्यामुळे कपल एंट्री, म्हणजे जोडी म्हणून प्रवेश, मिळते म्हणून बोलावतात?" एकट्या मुलांना म्हणजे 'स्टॅग'ना जास्त दर लावणारे किंवा प्रवेशच नाकारणारे क्लब आहेत, त्यामुळे तिची शंका निराधार नव्हती. तिला मी एवढेच सांगितले: तिकीट नसलेल्या एखाद्या दिवशी तूच त्यांना बोलावून बघ.

पालकांना माझे सांगणे आहे की, 'एवढे पैसे नाचायला?' असे विचारण्याआधी आपले मूल कोणाबरोबर जाते आणि न गेल्यास ती रात्र कशी घालवते, हे विचारावे.

तो मुलगा त्यानंतरच्या कार्यक्रमालाही गेला नाही, कारण तेव्हाही महिनाअखेरच होती. पण त्या संध्याकाळी साडेसहाला पाचही जण अमृततुल्यवर भेटले, साडेआठला चौघे क्लबकडे निघाले आणि तो बसने खोलीवर गेला. रात्री त्यांचे फोटो पाहून वाईट वाटले, असे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितले. मात्र बारा वाजायच्या आत त्याला झोप लागली होती.