भिंतीवरचे बारा नियम आधी उतरवा

प्रश्न थोडक्यात असा: चार ते सहा वर्षांची आठ मुलं एकत्र खेळतात, भिंतीवर बारा नियम लावलेत, मुलांना ते पाठही आहेत, तरी झोक्यापाशी रोज भांडण. आणि "असं का नाही करायचं?" याला उत्तर काय द्यावं?

पाठ असूनही पाळत नाहीत, यात लबाडी नाही. गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये हेच मांडलं होतं. लहान मुलं म्हणायची की नियम मोठ्यांकडून आलेत, ते बदलता येत नाहीत. आणि खेळताना मात्र प्रत्येकाचा डाव वेगळा! त्यामुळे आणखी पाठांतर करून काही हाती लागणार नाही. नियम तीनच ठेवा, फार तर चार. शिवाय "पळू नका" ऐवजी "आत चालायचं, बाहेर पळायचं" असं म्हणा. नुसत्या "नका"ने, मग करायचं काय, हे मुलाला कळत नाही.

आता "का"चं उत्तर. सगळ्या नियमांना एकच कारण चिकटवतो, तिथे आपली चूक होते. ढकलणं, चावणं, हिसकावणं यात दुसऱ्याला दुखतं. जिन्याच्या कठड्यावर चढलं तर स्वतःला लागतं. चपला कुठे ठेवायच्या, कोणत्या बाजूने जायचं, हे मात्र नुसतं ठरवलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांच्या अभ्यासात अगदी शाळेआधीच्या वयाची मुलंही यातला फरक ओळखताना दिसली. "मोठ्यांनी परवानगी दिली तर मारलेलं चालेल का?" याला ती बहुधा नाही म्हणतात, चपलांच्या जागेबद्दल विचारलं तर चालेल म्हणतात. तुम्ही चावण्याला आणि वाकड्या ठेवलेल्या चपलेला एकाच पट्टीत ओरडलात, तर मुलाच्या लेखी नियम म्हणजे मोठ्यांचा राग, एवढंच उरतं.

पहिल्या दोन प्रकारांना एक वाक्य पुरतं: "ढकललं की ती पडते, तिला लागतं." तेही मूल शांत झाल्यावर. रडण्या-ओरडण्यात दिलेलं कारण वाया जातं.

तिसरा प्रकार बोलून कळत नाही, करून पाहावा लागतो. दोन बाकांमध्ये मीटरभर रुंदीची वाट करा, शक्यतो बाहेर मातीवर. फरशी ओली झाली की मुलं घसरतात. दोन्ही टोकांना चार-चार मुलं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकचा अर्धा भरलेला पेला. पळायचं नाही, पाणी न सांडता पलीकडे जायचं, बाकी काही सांगू नका. धडका होतील, पाणी सांडेल. तिथेच थांबवा आणि विचारा, "काय झालं?" "कोणी केलं?" असं विचारलंत तर पुढची पाच मिनिटं एकमेकांकडे बोटं दाखवण्यात जातील. मग गप्प बसा, दहा सेकंद तरी. कोणीतरी म्हणेल, "आधी मी जाणार." तोही नियम वापरून बघा, सगळ्यांनाच आधी जायचं असल्याने तो लगेच मोडतो. हळूहळू कुणीतरी एक बाजू धरायचं सुचवतं. (नाहीच सुचलं तर दोघांना हळू चालायला लावून बाकीच्यांना नुसतं बघू द्या.) डावी बाजू जमली की पुढच्या फेरीत मुद्दाम उजवी घ्या. तीही चालते! बाजू कुठलीही असो, सगळ्यांची एकच हवी, हे तेव्हा दिसतं. पंधरा-वीस मिनिटांत आटपा आणि सांडलेलं मुलांनाच आवरू द्या.

झोक्यासाठी "पाच मिनिटं" हे माप काढून टाका, या वयाला ते कळत नाही. वीस झोके, सगळ्यांनी मोठ्याने मोजायचे. थांबलेल्यांनाही काम मिळतं. काही जण भराभर मोजतात, म्हणून पहिले दोन दिवस ताल तुम्ही धरा. रांगेत तीनपेक्षा जास्त मुलं उभी राहत असतील तर शेजारी दुसरा खेळ मांडा. तेवढा वेळ थांबणं या वयाला झेपत नाही, त्याला बेशिस्त म्हणू नये. आणि रडणाऱ्याला जास्तीचे पाच झोके कधीही देऊ नका. उद्या तिघं रडतील.

सवलत द्यायचीच तर कच्च्या लिंबासारखी द्या: डाव सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर सांगून. मध्येच दिलेली सवलत बाकीच्यांना अन्यायच वाटते.

पोलिसाची भीती घालू नका; पोलीस दिसत नाही तोवरच नियम मोडायचा, एवढंच त्यातून शिकणं होतं. चांदण्या-स्टिकरचंही तेच, स्टिकर संपले की पाळणं संपतं. मोडल्यावर दुरुस्ती हवी: पाडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत, हिसकावलेलं परत. जबरदस्तीचं "सॉरी" त्याची जागा घेत नाही. तक्रार घेऊन आलेल्याला "चहाडी करू नकोस" म्हणू नका. "कोणाला लागतंय का, की तुला हवंय त्याला ओरडा बसावा?" एवढं विचारा. पहिलं असेल तर लगेच उठा.

आठवड्यातून एकदा एखादा नियम मुलांसमोर बदलायला काढा, फक्त तिसऱ्या प्रकारातला. मारायचं की नाही, हे चर्चेला ठेवायचं नसतं. मतदान मात्र टाळा. या वयाची बरीच मुलं दोन्ही वेळा हात वर करतात. दोन पर्याय आले तर दोन-दोन दिवस वापरून बघा आणि कशात भांडणं कमी झाली, ते त्यांनाच विचारा.