गाडीची विचारपूस : चेन कसण्याआधी उघडून पाहा

पोळ्याच्या आसपास वणीकडच्या रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात ज्या मोटरसायकली येतात, त्यांतल्या बऱ्याच चेनची तक्रार घेऊन येतात. यंदा पत्रंही तशीच आली आहेत. म्हणून या अंकात चेनलाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझी स्प्लेंडर आहे. रोज पांदण रस्त्यानं वावरात जातो, आणि खताच्या नाहीतर चाऱ्याच्या खेपा असतातच. पावसाळा लागल्यापासून चेन खडखड करते. मिस्त्री कसून देतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आता मागच्या चाकाकडून घूंऽ असा आवाजही यायला लागला. अजून किती कसावी?
— एक कास्तकार, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कसणं आधी थांबवा. आवाज आला की कस, हे आपल्याकडं सगळीकडं चाललेलं आहे आणि त्यानंच चांगल्या चेनी वाया जातात. आवाज कोरड्या चेनचा असतो, मातीचा असतो, एखाद्या जाम कडीचा असतो. कसल्यानं तो दबतो, दुखणं तसंच राहतं.

चेनच्या कडीत एक पिन असते, पिनवर बुश म्हणजे बारीक नळी आणि बुशवर फिरता रोलर. झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये, जिथं नजर पोचत नाही. एकेका कडीत मिलिमीटरचा दहावा हिस्सा जरी झिजला तरी शंभरावर कड्या मिळून चेन सेंटिमीटरभर लांब होते. दर थोड्या दिवसांनी जी ढील निघते ती हीच. तेल त्या फटीत पोचलं पाहिजे आणि माती तिथं पोचायला नको, सगळी निगा एवढ्यासाठीच.

तुमच्या गाडीला पूर्ण बंद कव्हर आहे. कोरड्या रस्त्यावर ते मोठं कामाचं. पण टोंगळ्याएवढ्या गाऱ्यातून गाडी काढली की काळी माती फटीतून आत जाते आणि तिथंच बसते. मागच्याच आठवड्यात असं एक कव्हर उघडलं. तळाला माती वाळून दगडासारखी झाली होती आणि चेननं घासून घासून तिच्यात गुळगुळीत नाली कोरली होती. तेल आणि मातीचा तो काळा लगदा चिमटीत घेऊन चोळून पाहा, कण बोटाला टोचतात. व्हॉल्व्ह घासायला आम्ही जी पेस्ट वापरतो, तिचंच काम तो लगदा तुमच्या स्पॉकेटवर, म्हणजे चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते त्याच्यावर, करतो.

म्हणून पावसाळाभर महिन्यातून एकदा तरी कव्हर उघडा, गारा फार असेल तर पंधरा दिवसांनी. वाळलेली माती लाकडाच्या काडीनं खरवडून काढा. चेन राकेलनं धुवा. राशनचं राकेल आता बहुतेक गावांत मिळत नाही, तर तुमच्या या साध्या चेनला डिझेल चालतं. ब्रश जुना दात घासायचा घ्या, तारेचा नको. फडक्यानं कोरडी पुसा, थोडा वेळ उन्हात राहू द्या आणि मग 90 नंबरचं गिअर ऑईल लावा. गाडी नुकतीच चालून आली असेल तर उत्तम, कोमट चेनमध्ये तेल लवकर उतरतं. खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं, म्हणजे जी बाजू दात्यांवर बसते तिथं, चाक हातानं फिरवत थेंब थेंब सोडा. संध्याकाळी लावून रात्रभर गाडी तशीच ठेवा आणि सकाळी वरचं जास्तीचं तेल पुसून घ्या. पुसायला कंटाळू नका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, चेनला त्याचा उपयोग नाही.

ग्रीस लावू नका, ते आत जातच नाही. आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल तर अजिबात नको. त्यात कार्बन आणि धातूचा कीस असतो. फुकट मिळतं म्हणून गावोगाव तेच ओततात, आणि नंतर चेनसेटला पैसे मोजतात.

आता तो घूंऽ आवाज. माझा संशय असा की चेन गरजेपेक्षा जास्त कसली गेली आहे आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर ताण आला आहे. डबल स्टँडवर गाडी उभी केली की मागचं चाक खाली लोंबतं. तेव्हा पुढचं स्पॉकेट आणि चाकाचा अॅक्सल यांतलं अंतर कमी असतं. तुम्ही बसलात, मागं युरियाची 45 किलोची एक नाही तर दोन पोती टाकली, की शॉकअप दबतात, चाक वर येतं आणि ते अंतर वाढतं. पुढचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि अॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. स्टँडवर तारेसारखी कसलेल्या चेनला तेव्हा वाढायला जागाच नसते. मग ती एका टोकाला चाकाचं बेअरिंग ओढते, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. चाकाचं बेअरिंग स्वस्तात बदलतं. गिअरबॉक्सपर्यंत गेलं तर इंजिन खोलावं लागतं.

बहुतेक 100 ते 125 सीसीच्या गाड्यांना खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली मिळून साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत आहे, तो धरा. कव्हरचं रबरी बूच काढलं की बोट घालून ढील पाहता येते. चाक थोडं थोडं फिरवून चार जागी पाहा, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. जिथं सगळ्यात ताठ लागेल तिथल्या मापानं कसा, सैल जागेच्या मापानं नाही. तुमच्यासारख्या ओझं नेणाऱ्यानं ढील त्यातल्या मोठ्या आकड्याजवळ ठेवावी, आणि कसून झाल्यावर दोन माणसं बसवून चेन अजून हलते का ते एकदा बघावं.

कसताना दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसतं आणि स्पॉकेटचे दाते एका अंगानं झिजतात. आणखी एक गोष्ट मिस्त्रीसुद्धा घाईत विसरतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागं सरकलं की ब्रेकची दांडीही ओढली जाते. चेन कसली की मागचा ब्रेक पुन्हा जुळवायचाच. नाहीतर ब्रेक थोडा लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, अॅव्हरेज पडतं, आणि तुमच्यासारखाच घूंऽ आवाजही येऊ शकतो. तेव्हा बेअरिंग बदलायच्या आधी स्टँडवर चाक हातानं फिरवून ते मोकळं फिरतं का तेवढं पाहा.

प्रश्न : गाडी दर रविवारी बोअरच्या पाण्यानं स्वच्छ धुतो, तरी दोन दिवसांत चेन लाल होते. नवीन चेन टाकली तिचंही तेच. माल खराब मिळतो का?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : दादा, तुमचा तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं अमरावती, अकोला, बुलडाण्याकडचं ते भूजल खारट आहे. जे पाणी पिकाला सोसत नाही ते चेनला कसं सोसेल? पाणी उडून जातं, मीठ कड्यांत राहतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. चेनमध्ये खोट असेल असं मला वाटत नाही.

गाडी धुवा, पण चेनवर बोअरची धार मारू नका. चेन राकेलनं वेगळी साफ करा. पाणी लागलंच तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं एक बादली गोडं पाणी शेवटी ओता, लगेच पुसा, एक चक्कर मारून आणा आणि तेल लावा. धुतलेली चेन तेल न लावता रात्रभर ठेवायची नाही. पोटॅशसारखं खत गाडीवरून नेलं असेल आणि दाणे सांडले असतील तर तेही त्याच दिवशी झटका. खताचे क्षार ओल धरून लोखंड खातात.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजला पल्सरनं जातो. चेन साफ करताना गाडी डबल स्टँडवर घेऊन, गिअर टाकून चालू ठेवतो आणि फिरत्या चेनला फडकं लावतो. वर पेट्रोलनं धुतो. मला भीती वाटते, पण तो म्हणतो सगळे असंच करतात.
— एक अंगणवाडी सेविका, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे. हे उत्तर त्याला वाचून दाखवा. फडक्याचं टोक चेन आणि स्पॉकेटमध्ये अडकलं की हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही, फडक्यासोबत बोटं आत जातात. पहिल्या गिअरमध्ये चाक हळू फिरताना दिसतं, पण त्यामागं इंजिनाचा जोर असतो. बोटांची पेरं अशीच गेलेली माणसं मी पाहिली आहेत. इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हातानं फिरवायचं. हातानं फिरवतानाही फडकं स्पॉकेटपासून लांब, चेनच्या मधल्या भागावर धरायचं.

आता पेट्रोलनं धुण्याचं. उघड्या चेनच्या बऱ्याच गाड्यांना ओ-रिंगची चेन असते. कड्यांच्या पट्ट्यांमध्ये बारीक काळ्या रबरी रिंगा दिसतात. कंपनीनं भरलेलं ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात. पेट्रोलनं रबर फुगतं, चिरतं, आणि ते ग्रीस गेलं की बाहेरून भरता येत नाही. तारेचा ब्रश आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरची धारही या चेनला नको. राकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि वरून ओ-रिंगला चालणारं तेल, एवढं साधारण दर 500 किलोमीटरला करावं. पावसात त्याआधीच.

प्रश्न : दुकानदार चेनसोबत दोन्ही स्पॉकेट बदलायला सांगतो. नुसती चेन टाकली तर?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : दुकानदार खरं सांगतोय. जुने दाते लांबलेल्या चेनच्या मापानं झिजलेले असतात, त्यांवर नवीन चेन नीट बसत नाही आणि लवकर जाते. पण आधी बदलायची वेळ आली का ते स्वतः मोजा. 428 नंबरच्या चेनच्या एका कडीचं माप 12.7 मिलिमीटर, म्हणजे 20 कड्या 254 मिलिमीटर. चेन ताणून धरून पट्टी लावा. अडीच मिलिमीटर वाढ दिसली की सेटसाठी पैसे बाजूला काढायला लागा. मागच्या स्पॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बाहेर ओढून अर्धा दाता उघडा पडत असेल, किंवा दाते एका बाजूला वाकल्यासारखे दिसत असतील, तर थांबूच नका. नवीन चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला असलं पाहिजे. उलटी बसली तर कशाला तरी घासून निघते आणि चेन रस्त्यात पडते.

प्रश्न : ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल घरात उरलेलं असतं. मोटरसायकलला टाकलं तर काय बिघडतं?
— एक वाचक, ता. पांढरकवडा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, ट्रॅक्टरचा तसा नसतो. दुसऱ्या गाड्यांसाठी बनवलेल्या ऑईलनं क्लच प्लेटा घसरू शकतात. रेस वाढते, गाडी ओढत नाही, चढावर लगेच कळतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं याची खूण) लिहिलेलं ऑईलच घ्या. ग्रेड पुस्तिकेतला, हिरोच्या बहुतेक गाड्यांना 10डब्ल्यू30, बजाजच्या बऱ्याच गाड्यांना 20डब्ल्यू50. ट्रॅक्टरचं टाकून झालं असेल आणि रेस मोकळी वाढत असेल, तर ते गरम असतानाच काढा आणि बरोबरचं भरा. बहुतेक वेळा थोडं चालल्यावर क्लच पुन्हा धरायला लागतो. नाहीच धरला तर प्लेटा उघडून पाहाव्या लागतील.